'टिफ' : एका लहान शब्दाचा अर्थ व वापर



पेन्सिलीच्या तुकड्यावरून दोन मुले एकमेकांशी बोलेनाशी होतात आणि मधल्या सुट्टीत एकाच डब्यातील चटणी-भाकरी खाताना दिसतात. अशा घटकाभराच्या बेबनावास इंग्रजीत 'टिफ' म्हणतात. शब्दकोश पाहून त्याचा अर्थ 'भांडण' एवढाच फळ्यावर लिहिला जातो. तो चूक नव्हे, पण अपुरा आहे. 'क्वॉरल' म्हणजे भांडण, 'फाइट' म्हणजेही भांडण, असे सांगितल्यावर मुलाच्या लेखी तिन्ही शब्द सारखेच होतात. मग मित्राशी झालेला अबोला ते 'फाइट' म्हणून लिहिते आणि वाचणारा हाणामारी झाली असे समजतो. निर्दोष मुलावर भांडखोरपणाचा शिक्का बसावयास एवढे पुरते.

वास्तविक मराठीत या छटांना शब्दांची वाण नाही. 'टिफ'ला कुरबुर किंवा रुसवाफुगवा जवळचा. त्यासाठी आधी सलगी असावी लागते. म्हणून तो मित्रांत, भावंडांत, नवराबायकोत होतो. बांधावरून दोन पिढ्या चाललेल्या तंट्यास 'टिफ' म्हणणे हास्यास्पद ठरेल. 'स्पॅट' हा शब्दही याच अर्थाचा. तो आखूड असल्याने वृत्तपत्रांच्या मथळ्यांत दोन देशांच्या कुरबुरींनाही लावतात. मात्र 'थुंकणे' या अर्थाच्या क्रियापदाचे भूतकाळी रूपही तेच असल्याने संदर्भ पाहूनच अर्थ करावा.

खरी अडचण वाक्यरचनेत येते. मराठीत भांडण 'करतात'. म्हणून मूल 'डिड टिफ' असे लिहिते. इंग्रजीत येथे 'हॅव' हे क्रियापद चालते, नामाआधी 'अ' लागतो, व्यक्तीस 'विथ' आणि कारणास 'ओव्हर' जोडतात : 'रवी हॅड अ टिफ विथ हिज ब्रदर ओव्हर अ पेन्सिल.' हे एक वाक्य पाठ झाले तरी पुष्कळ.

एखादा चौकस विद्यार्थी 'टिफिन' यातूनच आला काय, असे विचारील. नाही. तो घोट घेणे या अर्थाच्या 'टिफिंग' या जुन्या बोली शब्दावरून आला व हिंदुस्थानातील इंग्रजांच्या बोलण्यात दुपारच्या फराळास रूढ झाला.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाते. तरी हा शब्द वरच्या वर्गांसाठी ठेवावा. प्रथम मुलांकडूनच कुरबुर, बाचाबाची, हमरीतुमरी, मारामारी हे शब्द सौम्य ते तीव्र अशा क्रमाने लावून घ्यावेत आणि 'टिफ' त्यांतील कोणाशेजारी बसवावयाचा, ते त्यांनाच विचारावे.