काशाची वाटी आणि ४३२ हर्ट्झ

हेडफोन लावून ऐकत असाल तर आवाज जरा कमी ठेवा. शेवटी मी एक गोष्ट वाजवून दाखवणार आहे.

तर झालं असं, की गेल्या पावसाळ्यात माझी ऑन-कॉलची पाळी होती. आयटीत नसलेल्यांसाठी सांगते, आठवडाभर फोन उशाशी घेऊन झोपायचं. रात्री तीन वाजता सर्व्हर बसला की अलार्म वाजतो, आणि डोळे चोळत लॅपटॉप उघडायचा. पाळी संपली, पण तो अलार्म माझ्या कानातून काही जाईना. शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी झाली तरी माझा हात फोनकडे. झोप तर पार गेलीच होती. तेव्हा टीममधली मैत्रीण म्हणाली, "रविवारी चल माझ्यासोबत साउंड बाथला." मी विचारलं, टॉवेल आणू का? (हसते)

अंघोळीशी काही संबंध नसतो बरं का. पुण्यातल्याच एका हॉलमध्ये वीसेक चटया अंथरलेल्या, डोळ्यांवर पट्टी, अंगावर चादर. समोर पितळी दिसणारे वाडगे, एक मोठा गाँग, घंट्या. फोन दाराशी टोपलीत टाकायचा. आपण उताणं पडायचं आणि पन्नास मिनिटं फक्त ऐकायचं. ताल नाही, चाल नाही, एक आवाज विरता विरता दुसरा येतो.

पहिली दहा मिनिटं मी डोक्यात जिराची तिकिटं बंद करत होते. मग गाँग वाजला. तो कानांनी ऐकला की पाठीने, सांगता येत नाही, जमिनीतूनच आला. त्यानंतरचं मला आठवत नाही. मैत्रिणीच्या म्हणण्यानुसार मी घोरत होते. उठले तेव्हा खांदे खाली उतरलेले होते. तीन आठवडे ते कानापर्यंत चढलेले होते हे तेव्हा कळलं.

म्हणजे मला फायदा झाला. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून वाटेल की ही बाई खोड्याच काढायला बसली आहे.

नंतर सगळे गोल बसले आणि घेणाऱ्यांनी समजावून सांगितलं: वाडग्यात सात धातू असतात, सात ग्रहांचे. ते ४३२ हर्ट्झला लावलेले आहेत, ती विश्वाची फ्रिक्वेन्सी. त्याने पेशी पुन्हा सुरात येतात. सगळे माना डोलावत होते. मग कोपऱ्यातल्या एका मुलीने विचारलं, विशी-बाविशीची असेल, "माझ्या एन्झायटीच्या गोळ्या चालू आहेत, त्या मग सोडल्या तर चालेल का?" उत्तर आलं, "तुमचं शरीरच तुम्हाला सांगेल."

मी गप्प बसले. चपला घातल्या आणि निघून आले. त्यावर येतेच, आधी सात धातूंचं बघू.

मी मूळची मिरजेची. घरी आजीची काशाची वाटी आहे. उन्हाळ्यात आजी तळपायांना तूप लावून तिने घासायची, पाय काळे पडेपर्यंत. अनेकांच्या घरी असेल. कासं म्हणजे तांबं आणि कथील, ढोबळमानाने अठ्ठ्याहत्तर टक्के आणि बावीस टक्के. हे 'तिबेटी' वाडगे तपासले जातात तेव्हाही मुख्यतः हेच दोन धातू सापडतात. हिमालयाच्या भागातल्या या भांड्यांना ध्यानाचं वाद्य म्हणून जगभर ओळख मिळाली, ती बरीचशी १९७२ साली आलेल्या 'तिबेटन बेल्स' या रेकॉर्डनंतर. हेन्री वुल्फ आणि नॅन्सी हेनिंग्ज यांनी ती केली होती. त्यामुळे 'हजारो वर्षांची परंपरा' असं कुणी म्हणालं की मी हळूच आजीच्या वाटीकडे बघते.

ही वाटी मी तळहातावर सपाट ठेवली, लाकडी चमच्याने वाजवली आणि फोनवरच्या स्पेक्ट्रम ॲपमध्ये पाहिलं. मला वाटलं एक टोक दिसेल. दिसली चार. तारेच्या वाद्यात वरचे सूर दुप्पट, तिप्पट, चौपट असे शिस्तीत येतात. वाटीचं तसं नाही, दुसरा सूर पहिल्याच्या पावणेतीन पटीच्या आसपास कुठेतरी. म्हणजे अमुक वाडगा 'अमुक हर्ट्झचा' आहे हे वाक्यच अर्धवट आहे.

मजा पुढे आहे. खालचं टोक मोठं करून पाहिलं तर ते एक नव्हतंच, अगदी चिकटून असलेली दोन टोकं होती. ठोकून केलेली वाटी तंतोतंत गोल नसते, म्हणून ती दोन किंचित वेगळ्या वेगांनी थरथरते. एक २२० आणि दुसरा २२३ असेल, तर दोघांची बेरीज सेकंदाला तीनदा मोठी होते, तीनदा लहान. ते वाँव-वाँव-वाँव ऐकू येतं ना, ते हेच. बीटेकच्या पहिल्या वर्षाला याला बीट्स म्हणून दोन मार्क होते.

मिरजेत हे न शिकता कळतं. शाळेत जाताना सतारमेकरांच्या दुकानांवरून जावं लागायचं. तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारा जुळवताना तीच वाँव-वाँव यायची, खुंटी पिळत गेलं की ती संथ होत होत थांबायची. तार लागली! आणि तिथे कुणालाही ४३२ची पडलेली नसायची. गाणारा काळी एकमध्ये गातो की काळी चारमध्ये, त्यावर तंबोरा लागतो. सा प्रत्येकाचा आपापला.

४३२बद्दल एवढंच: हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा. सेकंद माणसांनी ठरवला, दिवसाचे ८६,४०० तुकडे करून. उद्या आपण एक लाख तुकडे केले, तर त्याच सुराचा आकडा ३७३ च्या आसपास येईल. आपलं घड्याळ विश्वाला कुणी सांगितलं?

मग मी घोरले कशी?

कॅलिफोर्नियात ६२ जणांवर झालेला एक अभ्यास वाडग्यांच्या बाजूने नेहमी पुढे केला जातो, २०१७ मध्ये छापून आलेला. सत्रानंतर ताण, राग, थकवा कमी झाल्याचं लोकांनी सांगितलं. पण त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. तितकाच वेळ नुसतं शांत पडून राहिलेल्यांना काय वाटलं असतं, ते त्यातून कळत नाही. आम्ही अशा टेस्टवर कोड प्रॉडक्शनला सोडत नाही. (खरं तर सोडतो, म्हणूनच रात्री तीनला अलार्म वाजतो.)

दुसरा एक अभ्यास मला जास्त पटतो. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. रोझरीची प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुम' यांचा जप करणाऱ्यांचा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाची लय त्याच्याशी जुळते, असं त्यात दिसलं. वाडग्याचा आवाज विरायला वेळ लागतो, त्याच्या मागोमाग माझाही श्वास लांबला असावा. हा माझा अंदाज आहे. आणि पन्नास मिनिटं फोन टोपलीत होता, हे विसरू नका. वर्षभरात पहिल्यांदा असा आवाज ऐकला, ज्यावर मला काहीच करायचं नव्हतं.

म्हणून करून बघायचं असेल तर जरूर बघा. बाराशे रुपये नसतील तर तंबोऱ्याचं ॲप लावून पडा, पण फोनच्या स्पीकरवर नको, त्यातून खालचे सूर येतच नाहीत. फोन एअरप्लेन मोडवर. हॉलमध्ये गेलात तर गाँगच्या अगदी जवळची चटई घेऊ नका, कानाला जड जातो. फिट्सचा त्रास असेल, पेसमेकर असेल किंवा गरोदर असाल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आता ती मुलगी.

बीटेकच्या तिसऱ्या वर्षी मी याच प्रकारच्या गोळ्या घेत होते. हे इथे पहिल्यांदाच सांगतेय. बरं वाटायला लागलं म्हणून स्वतःच एका दिवसात बंद केल्या. चक्कर, घाम, चार रात्री झोप नाही. डॉक्टर ओरडले नाहीत, नुसतं म्हणाले, "या हळूहळू कमी करायच्या असतात, मला विचारायचं होतंस." म्हणजे त्या हॉलमध्ये त्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. स्वतःच्या अंगावर घेऊन माहीत होतं. पण सगळे इतके शांत बसले होते की मला वातावरण बिघडवायचं नव्हतं.

तू हे ऐकत असशील तर, निळी ओढणी होती तुझी: गोळ्या शरीराला विचारून सोडू नकोस, ज्यांनी दिल्या त्यांना विचार. त्यांच्याशी बोलणं जमत नसेल तर टेली-मानसचा नंबर १४४१६ आहे. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास. आणि साउंड बाथला जात राहा, छान असतो.

चला. आजीची वाटी. तळहात सपाट ठेवायचा, बोटांनी धरली की आवाज मरतो. पंख्याचं बटण बंद करते, थांबा.

(वाटीचा आवाज, विरेपर्यंत)