पाळणाघरांतील मुलाचा दिवस



आजच्या भाषणाचा विषय वरवर पाहतां लहानसा वाटेल. परवाना किंवा सरकारी नोंदणी घेऊन चालविलेल्या पाळणाघरांत मुलांचा दिवस कसा जावा, याविषयीं इतर देशांत जे नियम केलेले आहेत त्यांचा थोडा विचार मी आपणापुढें मांडणार आहें. नियम हा शब्द ऐकतांच कांहीं मंडळींच्या कपाळाला आठी पडेल. इतक्या कोवळ्या मुलांना कसले नियम लावतां, असें ती म्हणतील. त्यांना माझी एवढीच विनंति आहे कीं, हे नियम मुळांत बांधतात कोणाला तें आधीं पाहावें आणि मग मत बनवावें.

प्रथम थोडा हिशेब करूं. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप हवी, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या सूचनांत सांगितलें आहे. म्हणजे जागेपणाचे तास उरले १० ते १३. आईबाप दोघेंही नोकरीला जाणारीं असलीं, तर सकाळीं ९ पासून सायंकाळीं ६ पर्यंत मूल पाळणाघरांत राहतें. त्यांतील दोन तास झोपेचे धरून वजा केले तरी सात तास जागेपणाचे राहतात. याचा अर्थ असा कीं, आठवड्यांतील कामाच्या दिवशीं त्याच्या जागेपणाचा निम्म्याहून अधिक भाग तेथें जातो. आपण सहज म्हणतों, ‘मुलाला पाळणाघरांत ठेवलें आहे.’ पण मूल ही ठेवून देण्याची वस्तु नव्हे. तें तेथें चालायला शिकतें, बोलायला शिकतें, रुसायला आणि समजूत घालून घ्यायला शिकतें. त्याचे हे सात तास कसे जातात हा प्रश्न म्हणूनच लहान राहत नाहीं.

माझें आयुष्य शाळेंत गेलें. शाळेच्या भिंतीवर वेळापत्रक असतें आणि तें विद्यार्थ्याला बांधतें. घंटा झाली कीं गणिताची वही मिटावयाची आणि भूगोलाचें पुस्तक उघडावयाचें. पाळणाघराच्या भिंतीवरील वेळापत्रकाची जात अगदीं निराळी आहे. वर्षाच्या मुलाला घड्याळ कळत नाहीं. भूक लागली कीं तें रडतें, झोप आली कीं मान टाकतें. मुलें रोज मोकळ्या हवेंत गेलीं पाहिजेत असा नियम असला, तर त्याचा खरा अर्थ कोणीतरी मोठ्या माणसानें रोज उठून त्यांना बाहेर नेलें पाहिजे असा होतो. नियम मुलाच्या नांवानें लिहिलेला असतो, पण पाळावयाचा असतो मोठ्यांनीं. ही गोष्ट ध्यानांत ठेवली म्हणजे पुढील सर्व नियमांचें मर्म आपोआप उलगडेल.

इंग्लंडचें उदाहरण घेऊं. तेथें लहान मुलांचीं पाळणाघरें चालविणाऱ्यांची सरकारी नोंदणी होते, ‘ऑफस्टेड’ नांवाचें तपासणी खातें त्यांवर देखरेख ठेवतें आणि २००८ सालापासून त्यांना एक राष्ट्रीय नियमावली लागू आहे. तिच्यांत वेळोवेळीं सुधारणा होत आली आहे. दोन वर्षांखालील ३ मुलांमागें निदान एक सांभाळणारें माणूस असलें पाहिजे, असें ती सांगते. पुरीं दोन वर्षें झालेल्या मुलांसाठीं पूर्वीं हें प्रमाण ४ मुलांमागें एक असें होतें. २०२३ सालीं तें ५ मुलांमागें एक असें करण्यांत आलें. दोन वर्षांखालील प्रत्येक मुलामागें साडेतीन चौरस मीटर जागा असावी, असाही दंडक आहे.

माणसांच्या या मोजदादीचा दिनक्रमाशीं काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध अगदीं जवळचा आहे. एका बाईकडे दहा तान्हीं मुलें दिलीं, तर एकाचा लंगोट बदलून होईपर्यंत दुसरें रडूं लागतें, आणि त्याला घांस भरवीपर्यंत तिसरें झोपेला येतें. तिचा सारा दिवस भरविणें, पुसणें आणि निजविणें यांतच संपतो. मुलाशीं बोलण्यास, त्यानें बोट दाखविलेल्या कावळ्याकडे पाहण्यास तिला उसंतच मिळत नाहीं. ती स्वभावानें कितीही प्रेमळ असली तरी तिचे हात दोनच असतात. मग मुलांना एके जागीं बसवून ठेवण्याचा सोपा उपाय सुचतो; आणि आजकाल त्याला दूरचित्रवाणीची किंवा मोबाईलची जोड मिळते.

नेमकी हीच गोष्ट टाळण्यासाठीं दिनक्रमाचे नियम असतात. इंग्लंडच्या नियमावलीप्रमाणें मुलांना खेळण्यास बाहेरची जागा असावी, आणि तशी ती नसेल तर त्यांना रोज बाहेर नेण्याची योजना असावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच सूचनांत असें म्हटलें आहे कीं, एक ते चार वर्षांच्या मुलाची दिवसभरांत मिळून निदान १८० मिनिटें हालचाल व्हावी. त्याला खुर्चींत किंवा बाबागाडींत एका वेळीं एक तासाहून अधिक जखडून ठेवूं नये. दोन वर्षांखालील मुलास पडद्यापुढें बसवूंच नये. आणि दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसाकाठीं एक तासाहून अधिक बसवूं नये. एका तासाची ही मर्यादा घर आणि पाळणाघर मिळून आहे, हें आपण विसरतां कामा नये.

झोपेचीही व्यवस्था पाहा. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्याच्या नियमांत मुलांना विश्रांतीची सोय देणें आवश्यक ठरविलें आहे. पण त्याबरोबरच कोणत्याही मुलास बळेंच जागें ठेवूं नये आणि विश्रांतीची नेहमींची वेळ संपल्यावर निजण्याच्या जागीं अडकवून ठेवूं नये, असेंही बजावलें आहे. यांतील शहाणपण थोर आहे. मुलें निजलेलीं असलीं म्हणजे मोठ्यांना स्वस्थता लाभते, आणि ती स्वस्थता लांबविण्याचा मोह स्वाभाविक असतो. नियम त्या मोहाला आवर घालतो.

जेवणाच्या वेळेचा एक नियम तर मला फारच मोलाचा वाटला. इंग्लंडच्या नियमावलींत असें आहे कीं, मुलें खात असतांना तीं सांभाळणाऱ्याच्या नजरेच्या आणि कानाच्याही टप्प्यांत असलीं पाहिजेत, आणि शक्य तोंवर त्या माणसानें मुलांकडे तोंड करून बसावें. यामागचें कारण साधें पण भयंकर आहे. घशांत घांस अडकलेलें मूल पुष्कळदां ओरडत नाहीं; त्याचा आवाजच बंद होतो. पाठ करून भांडीं आवरणाऱ्या माणसाला तें कळणार नाहीं. समोर तोंड करून बसण्यास पैसा लागत नाहीं, पण त्यानें एखादा जीव वांचतो.

यावर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो. आमच्या आयांनीं कोठें नियमावल्या वाचल्या होत्या, आणि प्रेम कायद्यानें उत्पन्न होतें काय? प्रेम कायद्यानें उत्पन्न होत नाहीं, हें मला मान्य आहे. परंतु जुन्या वाड्यांत एका तान्ह्या मुलामागें आजी, आत्या, काकू, थोरलीं भावंडें असे किती हात असत, तेंही आठवावें. आजच्या नियमावल्या जें प्रमाण लिहून ठेवतात तें तेथें न लिहितां पाळलें जात होतें. अंगणही होतें. ते हात आणि तें अंगण आतां उरलें नाहीं, म्हणून त्यांची तजवीज लिहून करावी लागते.

चांगल्या दिनक्रमाला फार खर्च येतो, हाही समज खरा नाहीं. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें खेड्यांतील मुलांसाठीं बालशिक्षणाचें कार्य सुरू केलें. १९५७ सालीं तें कोसबाडला गेलें. मॉंटेसोरी पद्धतीचीं महाग साधनें तेथें परवडणारीं नव्हतीं. तेव्हां शिंपले, खडे, बिया, पानें यांनाच त्यांनीं साधनें बनविलें. जें खेड्यांतल्या अंगणांत साधलें, तें शहरांतील पाळणाघरांत साधूं नये असें कांहीं नाहीं.

आपल्या देशांत १९४८ च्या कारखाना कायद्यानें ५० हून अधिक स्त्रिया कामावर असलेल्या कारखान्यांत पाळणाघर आवश्यक केलें. १९७६ सालीं ती संख्या ३० वर आणली गेली. २०१७ सालीं मातृत्वलाभ कायद्यांत दुरुस्ती होऊन ५० किंवा अधिक माणसें कामास असलेल्या संस्थांनाही पाळणाघराची सोय करणें भाग पडलें, आणि आईला दिवसांतून चार वेळां मुलाला भेटण्याचा हक्क मिळाला. पाळणाघर असावें, हें कायद्यानें सांगितलें. पण त्यांतील रोजचा दिवस कसा जातो, याची चौकशी बव्हंशीं आईबापांनाच करावी लागते.

ती चौकशी आपण कशी करतों? सायंकाळीं दारांत उभें राहून विचारतों, ‘जेवला का? झोपला का? त्रास नाहीं ना दिला?’ या प्रश्नांनीं मूल शांत होतें एवढेंच कळतें. त्याऐवजीं असें विचारावें: आज एका बाईकडे किती मुलें होतीं? सोनू बाहेर केव्हां गेला आणि किती वेळ होता? जेवतांना त्याच्या समोर कोण बसलें होतें? उठल्यावर त्यानें काय केलें? पडदा किती वेळ चालू होता? हे प्रश्न दरडावून नव्हे, आपुलकीनें विचारावे. रोमच्या गरीब वस्तींत १९०७ सालीं मॉंटेसोरीबाईंनीं पहिलें बालगृह उघडलें, तेव्हां त्याच्या नियमांतच आयांनीं आठवड्यांतून निदान एकदां बाईंशीं मुलाविषयीं बोलावें अशी सोय ठेवलेली होती. ती प्रथा आपणही पाडावी.

शेवटीं एक गोष्ट स्पष्ट सांगावयास हवी. पाळणाघर स्वस्त हवें आणि मुलामागें माणसेंही भरपूर हवींत, या दोन इच्छा एकत्र नांदत नाहींत. फी कमी करण्यासाठीं आपण घासाघीस करतों, तेव्हां ती कपात बहुधा सांभाळणाऱ्या बाईच्या पगारांतून, नाहींतर तिच्या जोडीदारणीच्या जागेंतून होते, आणि अखेर मुलाच्या वाट्याला येणारा वेळ घटतो. नियम करणें सरकारच्या हातीं आहे, ते पाळणें पाळणाघराच्या हातीं आहे. पण ते पाळतां येतील इतकें मोल देणें आणि पाळले जातात कीं नाहीं हें पाहणें आपल्या हातीं आहे. एवढें लक्षांत ठेवावें अशी विनंति करून मी आपली रजा घेतों.