अखेरच्या डावांचा भरवसा

बेसबॉल हा खेळ भारतात फारसा खेळला जात नाही. तथापि क्रिकेट जाणणाऱ्यास त्यातील एक अडचण सहज उमगेल. सामना हाती आलेला असतो, मुख्य गोलंदाज थकलेला असतो, आणि उरलेले काम ज्यांच्यावर सोपवावयाचे त्यांचा भरवसा नसतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन नॅशनल्स या संघावर २०१९ साली हा प्रसंग एकदा नव्हे, तर जवळजवळ संपूर्ण हंगामभर येत राहिला.

बेसबॉलमध्ये प्रत्येक संघास नऊ डाव मिळतात. चेंडू टाकणाऱ्यास पिचर म्हणतात. दोघांनी आलटून पालटून षटके टाकण्याची रीत येथे नाही. एकच पिचर सलग टाकीत राहतो, आणि एकदा त्याला बदलून बाहेर नेले की त्या सामन्यात त्याला पुन्हा चेंडू हाती घेता येत नाही. आजकाल प्रारंभीचा पिचर बहुधा पाच-सहा डाव टिकतो. याचे कारण केवळ थकवा हे नव्हे. तेच फलंदाज तिसऱ्यांदा समोर आले म्हणजे त्यांना त्याच्या चेंडूचा अंदाज येऊ लागतो. मग बदली पिचर बोलावले जातात. सामना चालू असता ते ज्या जागी हात मोकळे करीत बसतात तिला बुलपेन म्हणतात, आणि त्या साऱ्या गटालाही तेच नाव पडले आहे.

या गटाचे काम विलक्षण कठोर असते. चांगला फलंदाज दहापैकी सात वेळा बाद झाला तरी त्याची गणना उत्तम फलंदाजांत होते. अखेरच्या डावात आघाडी राखावयास आलेला पिचर दहापैकी तीनदा चुकला, तर मात्र त्याचे स्थान डळमळू लागते. शिवाय तो हंगामात एकंदर साठ-सत्तर डावच टाकतो. एवढ्या थोड्या कामावरून त्याची खरी योग्यता ठरविणे अवघड असते. एडविन डिआझ याचे उदाहरण घ्यावे. २०१८ साली सिअ‍ॅटलच्या संघाकडून त्याने ५७ वेळा आघाडी अखेरपर्यंत राखली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क मेट्सकडे आल्यावर नऊ डावांमागे त्याने दिलेल्या धावांची सरासरी १.९६ वरून ५.५९ वर गेली.

वॉशिंग्टनकडे २०१९ साली मॅक्स शर्झर, स्टीफन स्ट्रासबर्ग आणि पॅट्रिक कॉर्बिन असे तीन नामांकित प्रारंभीचे पिचर होते. बदली पिचरांची सरासरी मात्र ५.६६ होती. मे महिन्यात न्यूयॉर्क येथे मेट्सविरुद्धचे चारही सामने संघाने गमावले. त्यांपैकी अखेरच्या दोन सामन्यांत हाती असलेली आघाडी आठव्या डावात निसटली. तेव्हा संघाचे १९ विजय आणि ३१ पराभव झाले होते, आणि व्यवस्थापक डेव्ह मार्टिनेझ यांना काढावे अशी मागणी होऊ लागली.

त्यांना काढण्यात आले नाही. ३१ जुलै रोजी संघाने डॅनिएल हडसन याच्यासह तीन बदली पिचर इतर संघांकडून घेतले. तरीही दुखणे पुरते गेले नाही. ३ सप्टेंबर रोजी मेट्सविरुद्धच्या सामन्यात नवव्या डावात पाच धावा देऊन वॉशिंग्टन ४–१० असे मागे पडले. आपल्या नवव्या डावात त्यांनी सात धावा काढून तो सामना ११–१० असा जिंकला. आणि निर्णायक फटका बसला तो डिआझच्याच चेंडूवर. संघाने हंगामाअखेर ९३ विजय मिळविले.

बाद फेरीत मार्टिनेझ यांनी जो मार्ग धरला तो साधा होता. ज्यांच्यावर भरवसा नाही अशांकडे चेंडू शक्यतो द्यावयाचाच नाही. १ ऑक्टोबर रोजी मिलवॉकीविरुद्ध शर्झरने पाच डाव टाकले आणि त्याच्यामागून प्रारंभीचाच दुसरा पिचर, स्ट्रासबर्ग, तीन डावांसाठी आला. नववा डाव हडसनने सांभाळला.

परंतु हा उपायही हमखास नव्हता. ६ ऑक्टोबर रोजी लॉस एंजेलिस डॉजर्सविरुद्ध कॉर्बिनला असेच मध्येच आणण्यात आले, तेव्हा एक डावही पुरा न करता त्याने सहा धावा दिल्या. तो सामना संघाने ४–१० असा गमावला.

३० ऑक्टोबर रोजी ह्यूस्टन येथे अजिंक्यपदाचा सातवा व अंतिम सामना झाला. मानेच्या दुखण्यामुळे तीन दिवसांपूर्वी खेळू न शकलेल्या शर्झरने पाच डाव रेटून नेले. सहाव्या डावासाठी मार्टिनेझ यांनी पुन्हा कॉर्बिनलाच बोलावले. त्याने तीन डावांत एकही धाव दिली नाही. दरम्यान सातव्या डावात ह्यूस्टनने विल हॅरिस या बदली पिचरला आणले होते. त्याची हंगामातील सरासरी १.५० होती, म्हणजे त्याच्याहून विश्वासू माणूस सापडणे कठीण. त्याच्या चेंडूवर होवी केंड्रिकने फटका मारून संघास आघाडी मिळवून दिली. वॉशिंग्टन ६–२ असे विजयी झाले, आणि अखेरचा गडी हडसनने बाद केला.

यावरून दुबळे बुलपेन ही क्षुल्लक गोष्ट आहे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. पाच-सहा पिचरांवर सारा भार टाकून एक महिना निभावता येतो, सहा महिन्यांचा हंगाम नव्हे. त्या स्पर्धेत सर्वोत्कृष्ट ठरलेला स्ट्रासबर्ग पुढे २०२० ते २०२२ या तीन हंगामांत दुखापतींमुळे केवळ आठ सामने खेळू शकला आणि नंतर निवृत्त झाला. त्याच्या दुखापती जुन्याच होत्या. त्यांचे खापर एका महिन्यावर फोडता येत नाही. तरी खांद्याला आणि मनगटाला मर्यादा असते, हे कोणत्याही व्यवस्थापकास विसरता येत नाही.

मार्टिनेझ यांना संपूर्ण निर्दोष माणूस मिळाला नव्हता. तसा माणूस ह्यूस्टनकडेही नव्हता. सहा ऑक्टोबरच्या त्या एका डावावरून कॉर्बिनची पारख करावयाची नाही, एवढे मात्र त्यांनी ठरविले. शेवटच्या सामन्यात ते तीन डाव त्यामुळेच त्याच्या वाट्याला आले.