तापवायचा तो नट

व्याख्यानमालेचे चौथे पुष्प गुंफायला आलेल्या वक्त्यांनी पिशवीतून गंजलेला नट-बोल्ट काढून टेबलावर ठेवला. चाळीस वर्षे फिटरकाम केलेल्या या गृहस्थांचे सांगणे एकच होते: तापवायचा तो नट, बोल्ट नव्हे.

आटे कसे पाडतात, गंज कशाने चढतो, हे ‘तुम्हाला ठाऊकच आहे’ म्हणून त्यांनी बाजूला सारले. एवढेच सांगितले, की गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा घेतो आणि आट्यांच्या फटीत पाचरीसारखा ठासतो. तिथे पान्याला पाइप लावून जोर केला, की नट सुटायच्या आधी बोल्ट तुटतो.

‘तापल्यावर नटाचे भोक लहान होते की मोठे?’ निम्मे हात ‘लहान’साठी वर आले. होते मोठेच. 20 मिलिमीटरच्या बोल्टवरचा नट बोल्टपेक्षा 200 अंशांनी जास्त तापला, तर भोक जेमतेम 0.05 मिलिमीटरने वाढते. पण गंजाची पकड मोडायला बहुतेकदा तेवढे पुरते.

इथून व्याख्यान बैलगाडीच्या चाकाकडे वळले आणि तिथेच रमले. लोहार धाव, म्हणजे चाकावर चढवायची लोखंडी पट्टी, चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवतो, गोवऱ्यांच्या आगीत लाल करतो, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवतो आणि लगेच पाणी ओततो. साडेचार मीटर घेराची धाव 500 अंशांनी तापली, की घेर अडीच सेंटिमीटरांहून जास्त वाढतो. निवताना ती आवळते, आऱ्यांचे सांधे करकरत घट्ट होतात. हात हवेत गोल फिरवत वक्ते हे सांगत होते, तेव्हा समोरून आवाज आला, ‘मग नट सोडवायलाही लोहारालाच बोलवू!’ सभागृह हसले. वक्ते म्हणाले, ‘जरूर बोलवा. शास्त्र तेच आहे.’

मागून गॅरेजमधला एक तरुण उठला. ‘इंजिनाच्या ब्लॉकमध्ये तुटून राहिलेल्या स्टडवर आम्ही नट वेल्ड करतो. तिथे तर स्टडच तापतो, तरी सुटतो.’ वक्त्यांचा आवाज चढला, ‘ब्लॉक तापवणे जमत नाही, म्हणून केलेली ती सोय!’ मग क्षणभर थांबून त्यांनीच ते उलगडले. लाल स्टड फुगू पाहतो, भोवतीचा थंड ब्लॉक त्याला फुगू देत नाही. तो आतल्या आत चेपतो, निवल्यावर किंचित बारीक होतो आणि गंजाचा थर तडकतो. संध्याकाळची सर्वांत मोठी टाळी या उत्तराला मिळाली, आणि ती योग्यच होती.

तेवढ्यात अध्यक्षांची चिठ्ठी आली. उरलेले सगळे घाईत झाले. जस्ताचा मुलामा आधी घासून काढा, त्याचा धूर छातीत जाऊ देऊ नका. कॅडमियमच्या मुलाम्याला ज्योत लावूच नका. डिझेलची नळी, रबरी सील आधी बाजूला करा. 10.9 शिक्क्याचा, म्हणजे पाणी दिलेला बोल्ट लाल झाला, की त्याचे पाणी उतरते. तो पुन्हा बसवू नका. आटे उलटे नाहीत ना, तेही पाहा; सायकलच्या डाव्या पेडलचे असतात.

आभार संपेपर्यंत अंगणात ब्लो लॅम्प पेटला होता. पाना त्या तरुणाच्या हातात होता. नटाभोवती ज्योत फिरवत वक्ते म्हणाले, ‘आधी थोडा आवळ, मग सोड.’