डोंगराचे चित्र आणि त्याचे मोल
(विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आरंभीच एक चूक कबूल करू. आपल्या दिनदर्शिकेवर आपण पावसाळ्यातील लेण्यांच्या डोंगराचे छायाचित्र छापले. ते आपल्याच वस्तीतील एका मुलाचे. तीन रविवार पहाटे निघून, भिजून त्याने ते टिपले. आपण त्याला मानधन दिले नाही, खाली नावही घातले नाही. एक गुलाबपुष्प दिले आणि टाळ्या वाजविल्या. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या श्रमाचे मोल नाकारले गेले, त्यांनीच ते नाकारावे काय?

पालक विचारतात, निसर्गाच्या छायाचित्रांवर पोट भरते काय? अमेरिकेतील ॲन्सेल ॲडम्स (१९०२-१९८४) यांचे उदाहरण पाहा. १९२७ साली त्यांनी पर्वतराजीच्या १८ छायाचित्रांचा संच ५० डॉलरला काढला. पुढे नाव झाले, तरी कित्येक वर्षे कंपन्यांची कामे करूनच त्यांनी घर चालविले. न्यू मेक्सिकोतील चंद्रोदयाचे छायाचित्र त्यांनी १९४१ साली टिपले. त्या एका निगेटिव्हवरून त्यांनी हजाराहून अधिक प्रती काढल्या. २००६ साली त्यातील एक प्रत लिलावात सहा लाख डॉलरच्या वर गेली. तेव्हा मित्रहो, घाई नको आणि चालू नोकरीची लाजही नको.

आता हिशेब. कागद, छपाई, चौकट, प्रवास मिळून एका प्रतीला समजा ३,००० रुपये खर्च आला. तुम्ही किंमत ५,००० ठेवली. कलादालनाने ४० टक्के घेतले, म्हणजे २,००० गेले. हाती उरले ३,०००. म्हणजे तुमची मेहनत फुकट! कलादालनाचा वाटा विक्रीच्या किमतीवर असतो, खर्चावर नव्हे, हे आधी ध्यानात घ्या. प्रती किती काढणार तेही ठरवा. पंचवीस म्हटल्या तर पंचवीसच. प्रत्येक प्रतीवर क्रमांक व सही घाला. सव्विसावी काढलीत तर पहिल्या पंचवीस जणांना फसविलेत.

कायदाही शिका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने स्वतःहून काढलेल्या छायाचित्राचा हक्क मूळ छायाचित्रकाराचा असतो. मात्र कोणी पैसे देऊन काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर हक्क त्या गिऱ्हाइकाकडे जातो. हक्क दुसऱ्यास द्यायचा तर सहीचा लेखी करार लागतो. म्हणून प्रत विका, हक्क विकताना दहा वेळा विचार करा.

भगवान बुद्धांनी सम्यक आजीविका सांगितली. प्रामाणिक कलेचा योग्य दाम मागणे हा लोभ नव्हे. आणि तो दाम देणे हे आपले कर्तव्य आहे. पुढील दिनदर्शिकेवर त्या मुलाचे नाव छापू, मानधन देऊ आणि मागची बाकीही चुकती करू, असा ठराव आजच्या सभेने करावा, ही विनंती.

नमो बुद्धाय! जयभीम!