‘कळवतो’ म्हटल्यानंतर



मघाशी अहवालवाचनात ऐकलं की, कॉलेजच्या शेवटच्या वर्षातल्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे नोकरीचे इंटरव्ह्यू होऊन गेलेत आणि काहींना अजून काहीच कळलेलं नाही. ठरवून आणलेला विषय मी बाजूला ठेवते. गेली २५ वर्षं मी भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांत भरतीचं काम करते आहे. टेबलाच्या आमच्या बाजूला काय घडतं, ते तुम्हाला ठाऊक असायला हवं.

त्याआधी माझी गोष्ट. १९९८ साली मी एका कंपनीत इंटरव्ह्यू दिला. निघताना साहेब म्हणाले, “कळवतो.” मी गावी आले आणि पोस्टमनची वाट पाहत बसले. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं : उगाच मागे लागू नये, गरज दिसते. दीड महिन्यानं होस्टेलवर राहिलेली ट्रंक आणायला गेले, तेव्हा रेक्टरबाईंनी एक पाकीट हातात ठेवलं. नेमणूकपत्र होतं ते! हजर व्हायची तारीख उलटून १८ दिवस झाले होते. अर्जावर मी पत्ता होस्टेलचा दिला होता. एसटीडी बूथवरून एक फोन पुरला असता. तो मी केला नाही, कारण विचारणं म्हणजे लाचारी असं मला वाटत होतं. आपल्याकडच्या हुशार मुलामुलींमध्ये हा भिडस्तपणा मला आजही दिसतो आणि फार वाईट वाटतं.

तुम्ही खोलीबाहेर पडलात की लगेच निकाल लागत नाही. तिघांनी इंटरव्ह्यू घेतला असेल, तर तिघांचे शेरे गोळा व्हावे लागतात. त्यातला एक नेमका दौऱ्यावर असतो. पगाराच्या आकड्याला वरून मंजुरी लागते. कधी ती जागाच महिनाभर थांबवून ठेवतात. आणि पहिल्या नंबरचा उमेदवार ‘हो’ म्हणाला, तरी त्याची आधीची कंपनी पगार वाढवून त्याला थांबवून घेते. तोपर्यंत दुसऱ्या नंबरच्या मुलाला आम्ही ना हो म्हणत, ना नाही. त्याला मात्र वाटतं, आपलं काम झालं नाही.

एका डिप्लोमाच्या मुलाला आमच्या साहेबांनी मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यानं मोजता येणारं सगळ्यात लहान माप, विचारला. घाबरून तो ०.१ मिलिमीटर म्हणाला. त्याच संध्याकाळी त्याचा मेल आला, जेमतेम पाच ओळींचा. वेळ दिल्याबद्दल आभार, कोणत्या पदासाठी आला होता ते, आणि पुढे : ‘मी उत्तर चुकलो. साध्या मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट ०.०१ मिलिमीटर असतो. परत येऊन पुस्तक उघडून पाहिलं.’ नंतर आम्ही दिलेली तारीख गेल्यावर दोन दिवसांनी त्याचा फोन आला. नाव, पद, इंटरव्ह्यूचा दिवस सांगून त्यानं विचारलं, “निर्णय झाला आहे का, की मी अजून थांबू?” एक मिनिटही लागलं नाही. तो यादीत तिसरा होता. पहिले दोघं आले नाहीत, तेव्हा आम्हाला त्याचंच नाव आठवलं. आज तो क्वालिटी विभाग सांभाळतो.

त्याला ती तारीख ठाऊक होती, कारण खुर्चीवरून उठण्याआधी त्यानं विचारून घेतली होती. तुम्हीही विचारा : साधारण कधीपर्यंत कळेल, आणि नाही कळलं तर कोणाशी बोलू? तारखेनंतर एक फोन किंवा एक मेल, आठवड्याभरानं आणखी एक. त्यापुढे नको. साहेबांच्या घरचा नंबर शोधू नका, मामा-काकांना फोन करायला लावू नका. त्यानं तुमचंच वजन कमी होतं. आणि वाट पाहताना दुसरे इंटरव्ह्यू थांबवू नका. दुसरीकडे नोकरी लागली, तर पहिल्या कंपनीलाही कळवा. तुमच्यामागे कोणीतरी रांगेत उभं असतं.

या वाट पाहण्याचा फायदा घेणारेही आहेत. ‘तुमची निवड झाली, अनामत भरा’ असा फोन आला, तर एक रुपयाही देऊ नका. कंपनीच्या स्वतःच्या नंबरवर फोन करून खात्री करा. मुलांनी आईचे दागिने मोडून असे पैसे भरलेले मी पाहिले आहेत.

सरकारी भरतीची रीत वेगळी. तिथं फोननं काही हलत नाही, संकेतस्थळावरची यादी बघायची. केंद्र सरकारच्या गट क आणि ड पदांसाठी तर १ जानेवारी २०१६ पासून मुलाखतच नाही. अडलंच तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. त्यात साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आता आम्हा नोकरी देणाऱ्यांविषयी. पहाटेच्या एसटीनं आलेल्या मुलाला ‘नाही’ एवढंही न कळवणं हा अन्याय आहे. माझ्या विभागात आम्ही नियम केला आहे, निवड न झालेल्या प्रत्येकाला कळवायचं. सगळीकडे तसं होत नाही. म्हणून विचारायला कचरू नका. एक दिवस घालवून तुम्ही तिथं गेला होतात, उत्तर मागायचा तुमचा हक्क आहे.

बक्षीस समारंभानंतर मी अर्धा तास ग्रंथालयात बसणार आहे, प्राचार्यांची परवानगी घेतली आहे. ज्यांचं उत्तर अडकलंय, त्यांनी मोबाईल घेऊन या. मेल तिथंच लिहू आणि तिथूनच पाठवू.