जाहिरातींतलें घर

घर पाहावें बांधून, असें जुनीं माणसें म्हणत. मुंबई, ठाणें किंवा पुणें येथें राहणाऱ्या मध्यम स्थितींतल्या कुटुंबाला आतां घर बांधून पाहण्याचा प्रसंग सहसा येत नाहीं; तें प्रथम जाहिरातींत पाहावें लागतें. पूर्वीं ही जाहिरात वर्तमानपत्राच्या आंतल्या पानावर चार ओळींची असे. आज ती मोबाईलच्या पडद्यावर असते, सोबत दहा-बारा छायाचित्रें असतात, आणि खालीं एका दलालाचा दूरध्वनि-क्रमांक असतो. चार ओळींत जेवढें खोटें मावत असे त्याहून पुष्कळ अधिक आतां मावतें, एवढाच काय तो फरक.

या जाहिरातींची एक निराळीच भाषा बनली आहे. 'स्टेशनपासून पांच मिनिटें' या शब्दांत पायीं कीं रिक्षानें, आणि रिक्षा तरी दुपारीं तीनची कीं सायंकाळीं सातची, हें अध्याहृत असतें. व्याकरणांत अध्याहृत शब्द वाक्याचा अर्थ पुरा करण्यासाठीं घ्यावयाचा असतो. येथें तो अर्थ लपविण्यासाठीं ठेवलेला असतो. 'समुद्रदर्शन' म्हणजे दोन इमारतींच्या फटींतून दिसणारी निळी रेघ असूं शकते. 'लवकरच मेट्रो' यांतील 'लवकर' किती वर्षांचें, तें कोणीच सांगत नाहीं. छायाचित्र रुंद कोनाच्या भिंगानें काढलें कीं दहा फुटांची खोली दिवाणखान्यासारखी भासते. अशा वेळीं चतुर गृहिणी भिंतींकडे न पाहतां जमिनीकडे पाहते आणि फरशा मोजते. नव्या घरांतील फरशी बहुधा दोन फुटांची असते. एका बाजूस पांच फरशा दिसल्या कीं खोली दहा फुटांची हें उघड होतें, मग छायाचित्रकारानें कांहींहि केलेलें असो.

शब्दांपेक्षां आंकडे विश्वासार्ह, असा सुशिक्षितांचा समज असतो. क्षेत्रफळाच्या बाबतींत तो खरा नाहीं. 'सुपर बिल्ट-अप' म्हणून जो आंकडा छापतात त्यांत भिंतींची जाडी तर असतेच, पण जिना, लिफ्ट, प्रवेशद्वाराजवळची मोकळी जागा यांचाहि वांटा मिळविलेला असतो, आणि हा वांटा किती धरावा यास कायद्यानें ठरविलेलें माप नाहीं. समजा, प्रत्यक्ष वापराच्या जागेवर शेंकडा ४० चढविले, तर १,००० चौरस फुटांच्या म्हटलेल्या घरांत वापरावयास सुमारें ७१४ चौरस फूटच मिळतात. एक कोटि रुपये किंमत असेल तर दर फुटास १०,००० रुपये पडले असें वाटतें. खरा हिशेब १४,००० चा आहे. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमानें, म्हणजे लोकांच्या तोंडीं बसलेल्या 'रेरा'नें, चटई क्षेत्राची व्याख्या बांधून दिली आहे. बाहेरच्या भिंती, नळ-तारांच्या मार्गिका, त्या घरापुरतीच असलेली बाल्कनी व गच्ची हीं वगळून, आंतल्या भिंतींसह जी वापरण्याजोगी जागा उरते तेवढीच चटई क्षेत्रांत धरावयाची. नव्या प्रकल्पांत बांधणाऱ्यास हेंच माप सांगावें लागतें. परंतु जुनें घर पुन्हां विकतांना किंवा भाड्यानें देतांना तोच फुगलेला आंकडा बेलाशक लिहिला जातो. घर पाहावयास जातांना खिशांत मोजपट्टी नेण्याची पुष्कळांना लाज वाटते. ती वाटूं नये. कापड घेतांना वार मोजून घेणारे लोक लाखो रुपयांचें घर डोळ्यांच्या अंदाजानें घेतात, हें चमत्कारिक आहे.

आतां दलालाविषयीं. हा धंदा मुळांतच हलका आहे असें म्हणणें अन्यायाचें होईल. परगांवाहून बदली होऊन आलेल्या माणसाला चार दिवसांत बिऱ्हाड मांडून देणारा, घरमालकाचा स्वभाव, पाण्याची वेळ आणि शेजार हीं आधींच सांगून टाकणारा दलाल कित्येकांना भेटलेला असतो, आणि त्याची दलाली त्यांनीं आनंदानें दिलेली असते. मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवावी लागते. दलालाला मोबदला मिळतो तो व्यवहार जुळल्याचा. व्यवहार चांगला झाल्याचा नव्हे. घर घेणाऱ्यानें विचार करण्यासाठीं आठ दिवस मागितले कीं त्याचें नुकसान होतें. 'आज सायंकाळपर्यंत टोकन द्या, दुसरें गिऱ्हाईक वाट पाहत आहे,' हें वाक्य याच गरजेंतून जन्मतें. तें दुसरें गिऱ्हाईक क्वचितच कोणाच्या दृष्टीस पडतें.

दुसरी युक्ति आमिषाची. जाहिरातींतलें स्वस्त आणि देखणें घर विचारावें तर तें 'कालच गेलें' असतें. पण दलालाजवळ आणखी एक असतें, थोडें महाग आणि थोडें लांब. तें पहिलें घर कित्येकदां कधीं रिकामें नव्हतेंच. कांहीं ठिकाणीं तर नुसतें घर दाखविण्याचे किंवा नांव नोंदविण्याचे पैसे आधीं मागतात. ते देणाऱ्यास घरें पुष्कळ दाखविलीं जातात, मिळत मात्र एकहि नाहीं.

मुंबईंत घरांच्या टंचाईनें अशा व्यवहारांना फार पूर्वींपासून खतपाणी घातलें. १९४७ च्या भाडे-नियंत्रण कायद्यानें पागडी घेणें हा गुन्हा ठरविला, तरी ती पन्नास वर्षें हातोहात दिली-घेतली जात राहिली, आणि अखेर १९९९ च्या कायद्यानें तिला मान्यता दिली. जो पैसा पावतीशिवाय द्यावा लागतो त्याच्या मागें दलालहि तसाच येतो.

रेरा कायद्यानें दलालांना प्रथमच नोंदणीच्या चौकटींत आणलें. नोंदलेल्या प्रकल्पांतील घर विकून देणाऱ्या दलालानें आपली नोंदणी करून क्रमांक घेतला पाहिजे, आणि तोंडी, लेखी किंवा चित्ररूपानें खोटें विधान करतां कामा नये, असें त्यांत स्पष्ट आहे. महाराष्ट्रांत महारेराचें काम १ मे २०१७ पासून सुरू झालें. २०२३ सालीं दलालांसाठीं प्रशिक्षण आणि परीक्षाहि ठेवण्यांत आली. १ ऑगस्ट २०२३ पासून नव्या प्रकल्पाच्या जाहिरातींत क्यूआर संकेत छापणें आवश्यक झालें. तो मोबाईलनें वाचला कीं मंजूर नकाशे, पूर्ण होण्याची तारीख आणि चालू खटले यांची नोंद समोर येते. जाहिरातींत हा संकेत किंवा नोंदणी क्रमांक नसेल तर तेथेंच थांबावें. शिवाय नोंदलेला विक्री-करार होण्यापूर्वीं किंमतीच्या शेंकडा १० हून अधिक रक्कम घेण्यास बांधणाऱ्याला मनाई आहे, हें मागणी येतांच सांगतां आलें पाहिजे.

पण या साऱ्या तटबंदींत एक मोठें खिंडार आहे. रेराची दलालावरील हुकमत विक्रीपुरती आहे. भाड्याच्या घरांचा व्यवहार तिच्या कक्षेंत येत नाहीं. आणि सर्वांत निर्दय फसवणूक घडते ती तेथेंच.

तिची रीत अशी. मुंबईंत 'हेवी डिपॉझिट' म्हणून एक प्रघात आहे. दरमहा भाडें न देतां, किंवा नांवापुरतें देऊन, भाडेकरूनें एकदम मोठी अनामत ठेवावयाची आणि घर सोडतांना ती परत घ्यावयाची. निवृत्तीची रक्कम हातीं आलेल्या किंवा गांवचें घर विकून आलेल्या कुटुंबाला हा प्रकार फार सोयीचा वाटतो. समजा, अशा एका कुटुंबाला दलालानें आठ लाखांच्या अनामतींत दोन खोल्यांचें घर मिळवून दिलें. किल्ली मिळाली, करार झाला, सामान लागलें. खरा मालक मात्र परदेशीं किंवा परगांवीं असतो. त्याच्याकडून दलालानें तेंच घर स्वतः महिना पंचवीस हजार भाड्यानें घेतलेलें असतें, आणि कुटुंबापुढें उभा राहिलेला मालक हा दलाल स्वतः किंवा त्याचा साथीदार असतो. कांहीं महिने खऱ्या मालकाला भाडें वेळेवर पोंचतें, कारण तें या आठ लाखांतूनच जातें. मग दुसऱ्या घराच्या, तिसऱ्या घराच्या अनामतींतून जातें. एके दिवशीं तें थांबतें. मालक चौकशीला येऊन दार वाजवितो, आणि दाराच्या दोन्ही बाजूंस उभीं असलेलीं माणसें एकमेकांस प्रथमच पाहतात. दोघेहि नाडलेले असतात. परंतु घर मालकाचें राहतें, आणि आठ लाख गेलेले असतात ते कुटुंबाचे.

येथें सुशिक्षित माणसाची चूक बहुधा एकाच ठिकाणीं होते. करार नोंदला गेला म्हणजे सरकारनें मालकी तपासली, असें त्याला वाटतें. तसें नाहीं. नोंदणी कार्यालय सही करणारा माणूस तोच आहे हें पाहतें. घर त्याचें आहे कीं नाहीं याची शहानिशा तें करीत नाहीं. ती घेणाऱ्यानेंच करावयाची. खरेदीखताचा गोषवारा, ज्याला 'इंडेक्स टू' म्हणतात, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधतां येतो. त्यावरील नांव, वीजबिलावरील नांव, सोसायटीच्या भागपत्रावरील नांव आणि ज्या बँक-खात्यांत अनामत जावयाची त्या खात्याचें नांव, हीं चारी एक असलीं पाहिजेत. एकहि निराळें निघालें तर कारण विचारावें, आणि तें कारण दलालाच्या तोंडून नव्हे, मालकाच्या तोंडून ऐकावें. सोसायटीच्या चिटणीसांना भेटण्यास दहा मिनिटें लागतात. 'मालकांना मध्यें कोणी आलेलें खपत नाहीं' असें म्हणून दलाल ही भेट टाळूं लागला, कीं तेवढें उत्तर पुरेसें समजावें.

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाहीं, हा आणखी एक पसरलेला गैरसमज. महाराष्ट्रांत १९९९ च्या भाडे-नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमान्वयें असा प्रत्येक करार, मुदत कितीहि असो, लेखी आणि नोंदलेला असला पाहिजे, व ती जबाबदारी घरमालकाची आहे. त्यानें ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. इतकेंच नव्हे, तर नोंदलेला करार नसल्यास अटींविषयीं भाडेकरू सांगेल तें, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलें जातें. पुष्कळ घरमालकांना हें ठाऊक नसतें. थोडे पैसे वांचविण्यासाठीं नोंदणी नको म्हणणारा दलाल त्यांनाहि खड्ड्यांत घालीत असतो.

घरमालकांसाठीं एक स्वतंत्र सापळा आहे. घर देण्याची जाहिरात टाकतांच एखादा 'लष्करी अधिकारी' दूरध्वनि करतो. घर न पाहतांच त्याला तें पसंत पडतें, ओळखपत्राचें चित्रहि तो पाठवितो, आणि अनामत जमा होण्यासाठीं म्हणून एक संकेत मोबाईलनें वाचून गुप्त क्रमांक घालावयास सांगतो. पैसे घेण्यासाठीं गुप्त क्रमांक कधींच लागत नाहीं. तो लागतो पैसे देण्यासाठीं. असा प्रकार घडून गेल्यास १९३० या क्रमांकावर त्याच घटकेस कळवावें, कारण रक्कम पुढें सरकण्यापूर्वीं अडविली गेली तरच परत मिळण्याची आशा असते. भाड्याच्या अनामतींतील फसवणुकीस पोलिसांकडे फौजदारी तक्रार, आणि नव्या घराच्या विक्रींतील फसवणुकीस महारेरा किंवा ग्राहक आयोग, असे मार्ग आहेत.

या सर्व ठिकाणीं पहिला प्रश्न विचारला जातो तो पुराव्याचा, आणि तेव्हां आढळतें कीं ती मूळ जाहिरातच नाहींशी झाली आहे. व्यवहार झाला कीं ती काढून टाकतात, आणि 'स्वतंत्र वाहनतळ', 'चोवीस तास पाणी' हे शब्द तिच्याबरोबर जातात. रेराच्या १२ व्या कलमाप्रमाणें जाहिरातींतील किंवा नमुन्याच्या घरांतील खोट्या माहितीवर विसंबून ज्यानें पैसे भरले त्याला बांधणाऱ्याकडून भरपाई मागतां येते, आणि व्यवहारांतून बाहेर पडावयाचें असल्यास सर्व रक्कम व्याजासह परत मागतां येते. पण ती जाहिरात दाखवितां आली पाहिजे. म्हणून घर आवडलें त्याच दिवशीं, टोकनाची गोष्ट निघण्यापूर्वीं, त्या जाहिरातीचें चित्र तारखेसह मोबाईलमध्यें उतरवून ठेवावें, माहितीपुस्तिकेची एक प्रत घरांत ठेवावी, आणि दलालानें तोंडीं सांगितलेल्या गोष्टी त्याच रात्रीं त्याला संदेशानें लिहून पाठवून 'हें बरोबर आहे ना?' असें विचारावें. प्रामाणिक दलाल होकार लिहून कळवितो. दुसरा सहसा दूरध्वनि करतो.